एका गाईमुळे बंद झालेली सीमा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एका कत्तलखान्यात जानेवारी २००३ मध्ये एक आजारी गाय आणली गेली. तिला न्यूमोनिया असावा असे तपासनिसाला वाटले. तिचे मांस माणसांच्या खाण्यास अयोग्य ठरवून बाजूला काढले गेले आणि डोके तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले. घाईचे कारण दिसत नव्हते, त्यामुळे तपासणीला मे महिना उजाडला. २० मे रोजी निदान जाहीर झाले. गाईला ‘मॅड काउ’ आजार, म्हणजेच बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी (बीएसई) झाला होता. अमेरिकेने त्याच दिवशी कॅनडातील गुरे आणि गोमांस यांना सीमा बंद केली. पाठोपाठ सुमारे चाळीस देशांनी तेच केले.

या दोन देशांचा गुरांचा धंदा तोवर जवळजवळ एकच होता. कॅनडातून दरवर्षी दहा लाखांहून अधिक जिवंत गुरे अमेरिकेत जात. वासरू एका देशात जन्मायचे, दुसऱ्या देशात खाऊन-पिऊन वाढायचे आणि जवळ पडेल त्या कत्तलखान्यात जायचे. सीमा बंद होताच कॅनडात गुरांचे भाव कोसळले. म्हाताऱ्या, भाकड गाईंना तर गिऱ्हाईकच उरले नाही.

एका गाईची एवढी दहशत का, हे समजायला ब्रिटनकडे पाहावे लागते. तिथे १९८६ मध्ये हा आजार प्रथम ओळखला गेला आणि पुढे १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांमध्ये आढळला. मेलेल्या जनावरांचे मांस आणि हाडे यांचा चुरा करून तो गुरांच्याच खाद्यात मिसळण्याची पद्धत होती. आजार त्यातून पसरला. त्याचे कारण जंतू किंवा विषाणू नसून ‘प्रायॉन’ नावाचे चुकीची घडी पडलेले प्रथिन आहे. ते मेंदूतील चांगल्या प्रथिनांचीही घडी बिघडवते. हळूहळू मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात. नेहमीच्या शिजवण्याने प्रायॉन नष्ट होत नाही. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने या आजाराचा माणसांतील नव्या मेंदूविकाराशी, म्हणजे ‘व्हेरियंट सीजेडी’शी, संबंध असण्याची शक्यता मान्य केली. त्याने ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक बळी घेतले आणि त्यांत तरुणांची संख्या मोठी होती. या आजारावर आजही उपाय नाही. दुधातून तो पसरल्याचा पुरावा मात्र नाही.

मग धोका कमी कसा करायचा? त्याचे दोन मुख्य उपाय आहेत. पहिला, रवंथ करणाऱ्या जनावरांना तशाच जनावरांचे अवशेष खाऊ घालायचे नाहीत. ही बंदी अमेरिका आणि कॅनडा दोघांनीही १९९७ मध्ये घातली होती. दुसरा, मेंदू, मज्जारज्जू, डोळे, टॉन्सिल, लहान आतड्याचा शेवटचा भाग असे प्रायॉन साठणारे अवयव कत्तलखान्यातच वेगळे काढून नष्ट करायचे. कॅनडाने हा नियम २००३ च्या उन्हाळ्यात केला, अमेरिकेने २००४ च्या आरंभी.

यात जनावराचे वय महत्त्वाचे ठरते. संसर्ग बहुधा वासरू असताना होतो आणि लक्षणे सरासरी चार-पाच वर्षांनी दिसतात. तीस महिन्यांच्या आतील जनावराच्या मेंदूत प्रायॉन क्वचितच सापडतो. म्हणून व्यापाराच्या नियमांत तीस महिन्यांची रेघ आली. जन्माची नोंद नसेल तर वय दातांवरून ठरते. आपल्या बैलबाजारात आदत, दोन दाती, चार दाती असे पाहतात तसेच. दोन कायमचे दात असतील तर चालते, तिसरा वर आला की जनावर तीस महिन्यांच्या पुढचे धरले जाते.

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेने याच आधारावर कॅनडातील तीस महिन्यांच्या आतील जनावरांच्या बिनहाडाच्या मांसाला वाट मोकळी केली. जिवंत गुरे मात्र अडलेलीच राहिली. मग २३ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेच्याच वॉशिंग्टन राज्यात बीएसई झालेली एक दुभती गाय सापडली. डीएनए तपासणीतून ती अल्बर्टात जन्मल्याचे सिद्ध झाले. पण जपान, दक्षिण कोरिया आणि इतर अनेक देशांनी तिचे जन्मगाव विचारले नाही. त्यांनी अमेरिकी गोमांस थांबवले. आदल्या दिवसापर्यंत शेजाऱ्याच्या गुरांना अडवणारा देश आता, एका गाईवरून सगळा माल धोकादायक ठरवू नका, असे जपानला पटवू लागला. कॅनडाही अमेरिकेला सात महिने हेच सांगत होता.

जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅनडाला ‘किमान धोक्याचा प्रदेश’ ठरवले आणि मार्चपासून तीस महिन्यांच्या आतील जिवंत गुरे घ्यायचे जाहीर केले. आर-काफ या अमेरिकी पशुपालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध माँटाना राज्यातील संघीय न्यायालयात धाव घेतली. लोकांच्या आणि आपल्या कळपांच्या आरोग्याला धोका आहे, असे तिचे म्हणणे होते. सीमा बंद असल्याने अमेरिकेत गुरांना भाव चांगला मिळत होता, हेही खरे. सीमेलगतचे मांस कारखाने मात्र गुरांअभावी अडचणीत होते आणि त्यांना सीमा उघडून हवी होती. २ मार्च रोजी न्यायाधीशांनी नियमाला स्थगिती दिली. जुलैमध्ये वरच्या न्यायालयाने ती उठवली आणि काही दिवसांतच गुरांचे ट्रक दक्षिणेकडे निघाले. दरम्यान जूनमध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या एका गाईला बीएसई असल्याचे निश्चित झाले होते. आजार फक्त पलीकडचा, हा समज तिथेच संपला.

प्रत्येक जनावराची तपासणी करून वाद का मिटवला नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. जपान तेव्हा तेच करत होता. कॅन्सस राज्यातील क्रीकस्टोन फार्म्स या कंपनीने जपानी गिऱ्हाइकांसाठी स्वखर्चाने सर्व गुरे तपासण्याची परवानगी मागितली. २००४ मध्ये कृषी खात्याने ती नाकारली आणि २००८ मध्ये अपील न्यायालयानेही खात्याचीच बाजू उचलून धरली. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार असताना नकार का, ही कंपनीची तक्रार समजण्यासारखी आहे. पण वैद्यकाच्या दृष्टीने एक अडचण उरतेच. ही तपासणी मेंदूत प्रायॉन पुरेसा साठल्यावरच त्याला पकडते. कोवळ्या जनावराचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही. ताप आल्याच्या पहिल्या दिवशी काही तपासण्या निर्दोष येतात, त्यातलाच हा प्रकार. खाणाऱ्याचे रक्षण होते ते धोक्याचे अवयव काढून टाकल्याने.

या वादातला सगळ्यात गंभीर मुद्दा अल्बर्टाचे तेव्हाचे प्रमुख राल्फ क्लाइन यांच्या तोंडून निघाला. त्या पशुपालकाने गाईला गोळी घालून, पुरून गप्प बसायला हवे होते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी २००३ मध्ये काढले. त्यांच्यावर टीका झाली, पण अनेकांच्या मनातली गोष्ट ते बोलून गेले होते. नियमाप्रमाणे डोके पाठवले, आजार सापडला, तो जगाला कळवला आणि त्याबद्दल सगळा धंदा बसला. मारून टाकाव्या लागलेल्या गुरांची भरपाई कॅनडाचे सरकार कायद्याने देत होते. पडलेल्या भावाची भरपाई त्यात येत नव्हती. क्षयरोग किंवा पटकी यांच्या बाबतीत सार्वजनिक आरोग्याने हा धडा आधीच घेतला आहे. रोग कळवणाऱ्याला शिक्षा झाली की रुग्ण लपवले जातात. रोग मात्र पसरायचा थांबत नाही.

जनावरांच्या रोगांचे आंतरराष्ट्रीय नियम पॅरिसमधील जागतिक पशुआरोग्य संघटना ठरवते. तिच्या स्थापनेशी भारताचा संबंध आहे. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी युरोपात पोचली. त्यानंतर, १९२४ मध्ये, ही संस्था उभी राहिली. या संघटनेने २००५ मध्ये बीएसईचे नियम सुटसुटीत केले. देशात एखादी गाय सापडली एवढ्यावरून निकाल न लावता तिथले खाद्य, देखरेख आणि कत्तलखान्यांतील शिस्त पाहून धोक्याची श्रेणी ठरू लागली. २००७ मध्ये अमेरिका आणि कॅनडा दोघांनाही ‘नियंत्रित धोका’ ही एकच श्रेणी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीस महिन्यांवरील, पण मार्च १९९९ नंतर जन्मलेल्या गुरांनाही अमेरिकेची सीमा खुली झाली. साडेचार वर्षे गेली होती.

आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक अडली आणि रोगाची माहिती देणे बंधनकारक झाले. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार रुपये देण्याचे राज्य सरकारने ठरवले. ती मदत वेळेवर आणि विनाकटकट हातात पडते की नाही, यावर पुढच्या साथीत गोठ्यातला पहिला आजारी जीव पशुवैद्यकाला दाखवला जाईल की रातोरात पुरला जाईल, हे बरेचसे ठरणार आहे.