नाशिकरोडच्या नोटा आणि दोन नंबरचा हिशेब

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून 1928 साली पाच रुपयांची नोट छापून निघाली. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून येत. नोट एकदा प्रेसबाहेर पडली की कोणाच्या गल्ल्यात, कोणाच्या गादीखाली गेली, याचा पत्ता लागत नाही. दोन नंबरचा धंदा मोजू पाहणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी मात्र मोठी भिस्त ठेवली ती या नोटांवरच. कर चुकवणारा चेक घेत नाही, रोख घेतो, हे त्यामागचे गणित.

अमेरिकेतल्या पीटर गटमन यांनी 1977 साली ते फारच सरळ करून टाकले. 1937 ते 1941 या काळात देशात लपवाछपवी नव्हतीच, असे त्यांनी धरले. बँकेतल्या ठेवींच्या मानाने तेव्हा लोकांकडे जेवढी रोकड होती, त्याहून पुढे जी जास्त दिसली ती सगळी चोरट्या व्यवहारांची! दारूबंदी उठून जेमतेम चार वर्षे झालेल्या देशात काळा धंदा शून्य मानायला धाडसच हवे. अर्थशास्त्रज्ञ व्हिटो टांझी यांनी जास्त शहाणपणाने विचारले, की कर वाढल्यामुळे रोकडीची मागणी किती वाढते? पण काळी नोट पांढऱ्या नोटेइतक्याच वेगाने हात बदलते, हे त्यांनाही गृहीत धरावे लागले.

ही मोजपट्टी लासलगावच्या कांदा बाजारात नेऊन पाहावी. ट्रॅक्टर ओळीने उभे, व्यापारी पुढे सरकत बोली लावतात, काटा होतो, खळ्यावर कांदा खाली होतो आणि शेतकरी हिशेबपट्टी घेऊन पैशांसाठी थांबतो. ‘रोख देता का?’ हा प्रश्न इथे नवा नाही. यात चोरी कसली? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, शेतकऱ्याला त्याच्या मालाचे पैसे रोख द्यायला प्राप्तिकराच्या नियमांत सूट आहे, आणि लिलावाची नोंद बाजार समितीच्या दप्तरी असते. 2016 च्या नोटाबंदीत हेच लिलाव अडले. सगळ्या जास्तीच्या रोकडीकडे संशयाने पाहणाऱ्या गटमन यांच्या सूत्राला मात्र ही रोकडही संशयितच वाटेल.

उलट शहरात प्लॉटचा सौदा ठरताना ‘चेकने किती, वरचे किती?’ असे विचारले जाते, तिथे खरी गोम असते. रेडी रेकनरच्या सरकारी भावाने खरेदीखत होते. वरचे पैसे कोणत्याच कागदावर येत नाहीत. ते दिले-घेतले की पुन्हा कुठेतरी जमिनीतच मुरतात. नोटा कमी, व्यवहार मोठा.

भारतातल्या काळ्या अर्थव्यवस्थेचे आकडे थोडक्यात असे: पूनम आणि संजीव गुप्ता यांनी 1978-79 साठी चलनाच्या पद्धतीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याजवळ जाणारा अंदाज काढला, शंकर आचार्य यांच्या 1985 च्या अहवालाने 1983-84 साठी 18 ते 21 टक्के म्हटले. पट्टी बदलली की उंचीही बदलते.

काळ्या धंद्याच्या कारणांच्या बाबतीत फ्रीडरिश श्नायडर यांच्यासारखे संशोधक करांच्या ओझ्याकडे बोट दाखवतात. आपल्याकडे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या उत्पन्नावरचा कर अधिभारासह 97.75 टक्के होता. चुकवायला याहून मोठे आमंत्रण कोणते? तो कमी करा, असे प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने सुचवले. पण पुढे हा दर 40 टक्क्यांवर आला, तरी अर्थशास्त्रज्ञ अरुण कुमार यांनी 1995-96 साठी काळी अर्थव्यवस्था राष्ट्रीय उत्पन्नाच्या 40 टक्के असल्याचे मांडले. पद्धत निराळी, हे खरे. तरीही दर उतरला की धंदा उजेडात येईल, या भाबड्या आशेला त्यातून फारसा आधार मिळत नाही.

नोटाबंदीत रद्द झालेल्या 15.41 लाख कोटींच्या नोटांपैकी 15.31 लाख कोटींच्या बँकांत परतल्या. काळा पैसा नोटांच्या गठ्ठ्यांत दडलेला असतो, या समजाला याहून मोठा धक्का कोणत्याही संशोधकाने दिलेला नाही. त्या दिवसांत नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाचशेच्या नव्या नोटा छापायला कामगार जादा पाळ्यांत राबत होते. फोनवरून पैसे देणे एवढे वाढूनही मार्च 2024 अखेर चलनातल्या नोटा 34.78 लाख कोटींच्या घरात होत्या, म्हणजे नोटाबंदीआधीच्या जवळपास दुप्पट.