शिक्षणाचा अभ्यास ही कोणाची मिरास?

दरवर्षी पदवी परीक्षांचे निकाल लागले, की विद्यापीठांच्या चौकशी-खिडक्यांवर एक प्रश्न हटकून विचारला जातो. विचारणारा कधी बँकेत कारकुनी करणारा वाणिज्य पदवीधर असतो, कधी कारखान्यातील नोकरीत मन न रमलेला अभियंता असतो, तर कधी मुले हाताशी आलेली एखादी सुविद्य गृहिणी असते. 'बी. एड. केलेले नाही, शाळेत कधी शिकविलेले नाही. तरीही शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करता येईल काय?' एवढाच तो प्रश्न असतो. त्यावर पलीकडून बहुधा दोहोंपैकी एक उत्तर मिळते. 'एम. एड. ला बी. एड. लागते,' असे सांगून विषय संपविला जातो, किंवा 'एम. ए. ला या, कोणतीही पदवी चालते,' असे म्हणून अर्ज पुढे सरकविला जातो. नियमांच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर दुसरी वाट असल्याचे सांगत नाही. दुसरे उत्तर ती वाट कोठे जाते हे सांगत नाही.

या अपुऱ्या उत्तरांमागे एक जुना गैरसमज दडलेला आहे. शिक्षणाचा अभ्यास म्हणजे शिक्षक होण्याची तयारी, आणि म्हणून तो शिक्षकांनीच करावयाचा, अशी आपली समजूत झालेली आहे. वस्तुतः शिकविण्याचे कसब मिळविणे आणि शिक्षण या सामाजिक व्यवहाराचा अभ्यास करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकान चालविल्यावाचून अर्थशास्त्र शिकता येणार नाही, असे कोणी म्हणत नाही. निवडणूक लढविल्यावाचून राज्यशास्त्राचा वर्ग बंद, असेही कोणी म्हणत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण ही अट नकळत घालून बसलो आहोत.

कोठारी आयोगाने काय सांगितले होते?

ही गोष्ट नव्याने कोणाच्या ध्यानात आली आहे, असेही नाही. भारत सरकारने 1964 साली नेमलेल्या शिक्षण आयोगाने 1966 साली आपला अहवाल सादर केला. शिक्षणाचा अभ्यास केवळ अध्यापनपद्धतीशी एकरूप मानला गेल्यामुळे त्या विषयाची वाढ खुंटली, असे निदान आयोगाने त्या अहवालात केले होते. आपल्याकडे शिक्षक व्हावयाचे ठरविल्यानंतरच आणि प्रशिक्षण महाविद्यालयात गेल्यावरच माणूस शिक्षणाचा अभ्यास करतो, याकडे लक्ष वेधून, शिक्षण हा स्वतंत्र ज्ञानविषय मानावा आणि पदवी व पदव्युत्तर पातळीवर तो ऐच्छिक विषय म्हणून शिकवावा, अशी शिफारस आयोगाने केली. या आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. स्वातंत्र्य-चळवळीत तुरुंगवास भोगून मग ते शिक्षणकार्याकडे वळले होते. त्यांनीच 1948 साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली; 1976 साली ती पुण्यास आली. देशाच्या शिक्षणाचा आराखडा ज्यांच्या हातून उतरला, त्यांतील अध्यक्ष भौतिकीतून आलेले आणि सचिव सार्वजनिक कार्यातून आलेले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

आयोगाची ही शिफारस फार संथपणे रुजली. एम. एड. ची चौकट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने आखली. परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार या अभ्यासक्रमाला बी. एड. किंवा तत्सम अध्यापन-पदवी, अथवा पदवीसोबत अध्यापनाची पदविका आवश्यक ठरली. ते योग्यच होते, कारण एम. एड. हे मुख्यतः शिक्षकांचे शिक्षक घडविण्यासाठी आहे. परंतु दुसरे दारही हळूहळू उघडले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने शिक्षणशास्त्रातील एम. ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधरांस खुले केले. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2006 साली मुंबईत प्राथमिक शिक्षणातील एम. ए. सुरू केले, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी काही आठवडे संस्थेत आणि बाकीचा काळ घरी अभ्यास, अशी त्याची रचना होती. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात 2011 साली असाच एम. ए. अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे वाट आहे. मग प्रश्न असा उरतो, की शाळेबाहेरच्या माणसाने या वाटेने यावे तरी का?

निर्णय घेतात ते कोण?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. शाळेविषयीचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय शाळेत शिकविणारे लोक घेतच नाहीत. शिक्षण आयुक्त प्रशासकीय सेवेतून येतात. अंदाजपत्रकातील शिक्षणाचा वाटा वित्त विभागात ठरतो. अनुदानाची, संचमान्यतेची, बदल्यांची कागदपत्रे कारकुनांच्या मेजांवरून फिरतात. संस्थाचालक व्यापारी, वकील, शेतकरी, पुढारी असतात. इतकेच काय, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असा दंडक घालून दिला. तेव्हा बिगरशिक्षकांनी शिक्षणात पडावे की नाही, हा वादच आता निरर्थक आहे. ते पडलेलेच आहेत. ते अभ्यास करून पडतात की अभ्यासावाचून, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

अभ्यासावाचून पडल्यास काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने 2019 च्या जूनमध्ये पाहिले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' या वाचनाबरोबर 'वीस सात' अशी संख्यावाचनाची सोपी रीत दिलेली होती. या कामाचे नेतृत्व ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांच्याकडे होते. त्यावरून विधिमंडळापासून एस. टी. च्या थांब्यापर्यंत गदारोळ उठला. मराठी भाषा बुडाली, अशी ओरड झाली. विनोदांना ऊत आला. या गदारोळात मूळ प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर लिहावे लागतात. म्हणून 'पंचवीस' ऐकून 52 लिहिणारे मूल प्रत्येक पहिली-दुसरीच्या शिक्षकाने पाहिलेले असते. त्या मुलाला 'वीस पाच' या पायरीची मदत होते की त्याचा गोंधळ आणखी वाढतो? हा परीक्षण करून, वर्गांत जाऊन, मुलांशी बोलून सोडवावयाचा प्रश्न होता. नवी रीत चूक की बरोबर, यावर दुमत असू शकेल. परंतु मत देण्यापूर्वी प्रश्न कोणता आहे ते ओळखावे लागते. ते ओळखणारे नागरिक ज्या समाजात थोडे, तेथे शिक्षणाची प्रत्येक सुधारणा गलबल्यात बुडण्याची भीती असते.

मुलाच्या चुकीतून शहाणपण शोधण्याची ही दृष्टी शिक्षणशास्त्राला ज्यांनी दिली, त्यांतील एक जाँ पियाजे हे मुळात प्राणिशास्त्राचे अभ्यासक. शंख-शिंपल्यांतील जीवांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासण्याचे काम करीत असता, बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. त्या चुकांमध्ये एक सुसंगती होती. आपल्याकडेही 62 मधून 37 वजा करून 35 असे उत्तर लिहिणारे मूल आढळते. ते निष्काळजी नसते; प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, असा नियम त्याने स्वतः बसविलेला असतो. मारिया माँटेसरी या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. गुजरातचे गिजुभाई बधेका हे वकील. 1916 साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्याच सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांची अंगणवाडी फुलविली. बाहेरून आलेल्या नजरेला सवयीने अदृश्य झालेल्या गोष्टी दिसतात, हे या सर्वांनी सिद्ध केले.

शिक्षकांची शंका

तथापि याच नावांच्या आधारे उलट निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. वकील असूनही गिजुभाई मोठे शिक्षणतज्ज्ञ झाले, म्हणजे शिक्षणाला तयारीची गरज नाही, असे नव्हे. माँटेसरी आणि गिजुभाई वर्षानुवर्षे मुलांमध्ये बसले. त्यांनी केवळ ग्रंथ वाचून सिद्धान्त मांडले नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंचवीस-तीस वर्षे घालविलेल्या गुरुजींच्या मनात एक शंका असते, आणि ती रास्त आहे. दोन वर्षे पुस्तके वाचून आलेला तरुण हाती अहवालाचे नमुने घेऊन शाळेत येतो, अर्धा दिवस मागच्या बाकावर बसतो आणि 'आनंददायी' कसे शिकवावे यावर गुरुजींनाच चार शब्द सुनावतो. एका खोलीत दोन इयत्ता, पाऊस लागला की घटणारी उपस्थिती, ऊसतोडीला गेलेली मुले आणि मध्येच येणारे जनगणनेचे किंवा मतदारयादीचे काम या साऱ्यांचा हिशेब त्याच्या अहवालात नसतो. अशा पाहुण्याचा शिक्षकांनी तिटकारा केला, तर दोष शिक्षकांचा नाही.

या शंकेचे उत्तर दार बंद करण्यात नाही. दारातून येणाऱ्याला वर्गात बसविण्यात आहे. मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून त्याचा आरंभ झाला. त्यात संशोधन संस्थांतील आणि विद्यापीठांतील वैज्ञानिक होते, पण त्यांनी तयार केलेले धडे सरकारी शाळांच्या शिक्षकांनी वर्गात वापरून पाहावेत आणि शिक्षकांच्या अनुभवानुसार ते बदलावेत, अशी रीत होती. पुढे तो शेकडो शाळांत पसरला आणि 2002 साली शासनाने तो बंद केला. बंद करण्याचा निर्णय वादग्रस्त ठरला. परंतु तीस वर्षे वैज्ञानिक आणि खेड्यातील शिक्षक एका बाकावर बसून काम करू शकतात, हे तेथे दिसून आले.

प्रामाणिकपणाची अट

पहिली निकड आहे ती प्रामाणिक माहितीची. शिक्षणशास्त्रातील एम. ए. केल्याने कोणी शाळेत शिक्षक होण्यास पात्र ठरत नाही. त्यासाठी अध्यापनाची पदविका अथवा बी. एड. लागते, आणि पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. या एम. ए. वर शिक्षणशास्त्र विषयात 'नेट' परीक्षा देता येते. परंतु अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक व्हावयाचे तर त्याबरोबर अध्यापनाची पदवीही मागितली जाते. संशोधन, पाठ्यसाहित्यनिर्मिती, स्वयंसेवी संस्था, शैक्षणिक प्रशासन, पत्रकारिता या क्षेत्रांत तिचा उपयोग होतो. मात्र तेथे जागा मोजक्या आणि पुष्कळदा कराराच्या असतात. हे सारे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, स्वच्छ मराठीत छापले पाहिजे. शिक्षकाची नोकरी मिळेल या आशेने कर्ज काढून दोन वर्षे खर्च केलेल्या मुलाला शेवटी 'तुला बी. एड. लागेल' असे ऐकावे लागणे, ही त्याची फसवणूकच होय. मग ती कोणी हेतुपुरस्सर केलेली असो वा नसो.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाच्या रचनेची. ज्याने कधी शिकविलेले नाही अशा विद्यार्थ्याला किमान एक सत्र एकाच साध्या शाळेत काढावयास लावावे. ती शाळा नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असावी. तेथील एका अनुभवी शिक्षकाला त्याचा मार्गदर्शक नेमावे, त्या शिक्षकाला मानधन द्यावे आणि विद्यार्थ्याच्या गुणांत त्याच्या शब्दाला वजन असावे. विद्यापीठाने जिल्हा परिषदेच्या गुरुजींना परीक्षक मानले, तर आजवरची दरी बुजण्यास आरंभ होईल. तिसरी गोष्ट भाषेची. या अभ्यासाचे वाचन बहुतांशी इंग्रजीत आहे. तालुक्याच्या गावचा कारकून तेथेच अडखळतो. मराठीत लिहिलेला शिक्षणविचार आणि चांगली भाषांतरे पाठ्यसूचीत आल्यावाचून खुले दार कागदावरच खुले राहील.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षण विभागांत मानसशास्त्र, भाषाविज्ञान, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र अशा विषयांचे प्राध्यापक यावेत, असे म्हटले आहे. प्राध्यापकांसाठी जे शहाणपणाचे, ते विद्यार्थ्यांसाठी का असू नये? शाळेच्या अनुदानाची फाइल हाताळणाऱ्या कारकुनाने शिक्षणाचे अर्थशास्त्र वाचलेले असले, तर त्या फाइलीमागचा वर्ग त्याला दिसू शकेल. व्यवस्थापन समितीवर बसलेल्या मातेने मूल कसे शिकते हे समजून घेतले असेल, तर सभेत तिचा प्रश्न भिंतीच्या रंगाविषयी असणार नाही. शिक्षकांनाही त्याचा लाभच होईल. कारण आपल्या कामाची अवघड बाजू जाणणारा माणूस कचेरीत आणि पालकसभेत भेटावा, ही त्यांचीच जुनी तक्रार आहे.

चौकशी-खिडकीवर उभ्या असलेल्या त्या पदवीधराला म्हणून एक तिसरे उत्तर मिळावयास हवे. 'अवश्य या. ही पदवी तुम्हाला शिक्षक करणार नाही. शिक्षकाचे काम किती कठीण आहे, ते मात्र समजावून देईल. आणि पहिला धडा विद्यापीठात नव्हे, दुसरीच्या वर्गात होईल.' हे ऐकूनही जो अर्ज भरील, त्याला परका मानण्याचे कारण उरत नाही.