रसायनं वजनाने जुळत नाहीत

नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात मोल पहिल्यांदा भेटतो आणि अकरावीत रसायनशास्त्राच्या सुरुवातीलाच पुन्हा समोर येतो. दोन्ही वेळा बहुतेक मुलं सूत्र पाठ करतात: वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान. उत्तर येतं, गुण मिळतात, पण आपण मोजलं काय हे कळायचं राहून जातं. वर्धा जिल्ह्यात तर याचं फार वाईट वाटतं, कारण इथे हे गणित खताच्या बॅगेवर, साबणाच्या कढईत आणि दवाखान्याच्या रिपोर्टावर रोज डोळ्यांसमोर असतं.

“मोल म्हणजे ग्रॅमचंच दुसरं नाव”

‘पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम’ हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं जातं, की मोल आणि ग्रॅम एकच वाटू लागतात. मोल सांगतो ती कणांची संख्या. २० मे २०१९ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात, नेमके इतके कण. त्याआधी ही संख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून ठरत असे.

एवढे कण कुणी मोजू शकत नाही, म्हणून वजन करायचं. सोयाबीन पेरणारा शेतकरीही हेच करतो. त्याला एकरी ठरावीक झाडं हवी असतात, पण बियाणं तो किलोने घेतो. शंभर दाण्यांचं वजन १० ग्रॅम असेल तर किलोत १०,००० दाणे येतात. दाणा टपोरा असेल आणि शंभर दाणे १३ ग्रॅम भरत असतील, तर जेमतेम ७,७००. झाडं तेवढीच हवी असतील तर टपोरं बियाणं जास्त किलो घ्यावं लागतं. पेरणीत शंभर दाण्यांच्या वजनाचं जे काम, ते रसायनशास्त्रात रेणुवस्तुमानाचं.

“युरिया म्हणजे नत्र, आणि डीएपीत ४६ टक्के फॉस्फरस”

युरियाचं रेणुवस्तुमान ६०. त्यात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे २८. अठ्ठावीस भागिले साठ, ४६.७ टक्के. बॅगेवर छापलेले ४६ टक्के इथूनच येतात. ४५ किलोच्या बॅगेत नत्र असतं २०.७ किलो, बाकीचा भार कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा. अमोनिअम सल्फेटच्या एका मोलमध्येही नायट्रोजनचे दोनच मोल असतात, पण त्याचा एक मोल १३२ ग्रॅम भरतो. म्हणून त्यात नत्र २१ टक्क्यांच्या आसपासच. नायट्रोजनची संख्या दोन्हीकडे सारखी असूनही पोत्याचं ओझं दुपटीहून जास्त होतं, हे सूत्रातून दिसतं. पोतं उचलून दिसत नाही.

डीएपीवरचा ४६ हा आकडा जास्त फसवा आहे. तो स्फुरदाचा असला तरी शुद्ध फॉस्फरसचा नाही. खतातलं स्फुरद फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजायची जुनी पद्धत आहे. हे ऑक्साइड डीएपीत प्रत्यक्ष नसतंच, ती केवळ हिशोबाची रीत. त्याच्या १४२ ग्रॅममध्ये फॉस्फरस ६२ ग्रॅम, म्हणून ४६ टक्क्यांचे खरे होतात सुमारे २०. पन्नास किलोच्या बॅगेत फॉस्फरस १० किलोच्या आसपास.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. हाताच्या कामातून विषय शिकावा, हा तिचा गाभा. माझं स्पष्ट मत आहे की या जिल्ह्यात मोलचा पहिला तास खताच्या बॅगेवर व्हावा. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला तो आकडा परका नाही.

“ज्याचे ग्रॅम कमी, तो पदार्थ आधी संपतो”

परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ४० ग्रॅम ऑक्सिजन घेऊन पाणी केलं तर आधी काय संपेल? मुलं हायड्रोजन म्हणतात. हायड्रोजन आहे ५ मोल, त्याला २.५ मोल ऑक्सिजन लागतो, आणि आपल्याकडे आहे १.२५ मोल. चौपट जड असलेला ऑक्सिजनच आधी संपतो. पाणी होतं ४५ ग्रॅम आणि ५ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. इथे आणखी एक चूक सुधारते: वस्तुमान आधीही ५० ग्रॅम आणि नंतरही ५०, पण एकूण मोल आधी सव्वासहा होते, नंतर पाच. वस्तुमानाची अक्षय्यता खरी. मोलच्या अक्षय्यतेचा नियम कुठेही नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर साबणाकडे बघा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली. घाणीचं तेल, हातकागद, साबण अशा उद्योगांना तिथे शास्त्राची जोड देण्याची धडपड होती. घरगुती साबण करणाऱ्यांत अजून एक समज आढळतो की कॉस्टिक सोडा सगळ्या तेलांना सारखाच लागतो. तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन रेणू, म्हणजे एका मोलला १२० ग्रॅम, हे प्रमाण पक्कं आहे. पण खोबरेल तेलाचे रेणू लहान, त्यामुळे एका किलोत ते जास्त मावतात आणि सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. जवसाच्या तेलाचे रेणू मोठे. किलोला १३६ ग्रॅमच्या आसपास पुरतो. खोबरेलाचं माप जवसाला लावलं तर किलोमागे ४५ ग्रॅमहून अधिक कॉस्टिक साबणात तसाच राहतो आणि कातडी भाजतो.

“एक मोल म्हणजे २२.४ लिटर”

हे फक्त वायूंना लागू, तेही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. दाब एक बार धरला तर २२.७ लिटर. पाण्याचा मोल १८ मिलिलिटरच असतो, त्याला २२.४ लावणाऱ्या उत्तरपत्रिका पाहून वाईट वाटतं. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा त्याच एक वातावरण दाबाला एक मोल वायू सुमारे २६ लिटर जागा व्यापतो.

“मोलमधल्या कणांची संख्या ॲव्होगॅड्रोने मोजली”

नाही. त्यांनी १८११ मध्ये मांडलं ते गृहीतक: समान तापमान आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान. १८५६ मध्ये ते वारले. त्या संख्येला त्यांचं नाव ज्याँ पेरँ यांनी १९०९ मध्ये दिलं.

“जलसंजीवनीत साखर भरपूर, मीठ चिमूटभर”

ग्रॅममध्ये तसंच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम आहे. शिवाय पोटॅशिअम क्लोराइड १.५ आणि सोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. आता मोल काढा. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून सोडिअम ४५ मिलिमोल. सायट्रेटचे जवळपास १० मिलिमोल आणि प्रत्येकात सोडिअमचे तीन अणू, म्हणजे आणखी ३०. बेरीज ७५. ग्रॅममध्ये एवढा फरक दिसत असूनही ग्लुकोज आणि सोडिअम मोलमध्ये बरोबरीला येतात.

हा योगायोग नाही. लहान आतड्यात सोडिअम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. म्हणून सूत्र ठरवताना ग्लुकोजचे मोल सोडिअमपेक्षा कमी पडू नयेत ही अट असते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले, त्यामागे आतड्यातला हाच हिशोब होता.

सेवाग्रामला १९६९ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. तिथल्या काय किंवा कोणत्याही रुग्णालयाच्या काय, रक्ताच्या रिपोर्टात सोडिअम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असं लिहिलेलं असतं, कारण पाणी कुठून कुठे ओढलं जाईल हे कणांच्या संख्येवर ठरतं. जलसंजीवनीतले सगळे कण मिळून लिटरला २४५ मिलिमोल होतात, रक्तातल्या सुमारे २९० पेक्षा थोडे कमी. लिटरभर पाण्याचं पाकीट पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात कालवलं तर तेच होतात १,२२५, आणि पाणी शरीरात जाण्याऐवजी आतड्यात उतरून हगवण वाढते. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटंही मिळतात, तेव्हा पाण्याचं माप पाकिटावर वाचूनच घ्यावं.