पोटातला बँड आणि पेपरमधली टक्केवारी

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी लिटरेचर रिव्ह्यू लिहायचा आहे, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असाल. या टप्प्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकाच विषयावरच्या दोन चांगल्या पेपरांत दोन वेगळी उत्तरं सापडली की. मग आपण 'काही संशोधकांच्या मते असे, तर काहींच्या मते तसे' असं एक वाक्य लिहून पुढे जातो. आज त्या वाक्याच्या आत शिरून पाहू.

उदाहरण म्हणून एक प्रश्न घेतलाय : वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बसवतात तो बँड बसवून घ्यावा का? तुमचा विषय रसायनशास्त्र असो नाहीतर समाजशास्त्र, हे उदाहरण उपयोगी पडेल. कारण इथे भरपूर पेपर आहेत, आकडे एकमेकांशी भांडतात, आणि शेवटी कुणालातरी स्वतःच्या पोटाबद्दल हो किंवा नाही म्हणायचं असतं. (हा वैद्यकीय सल्ला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

बँड म्हणजे नेमकं काय?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या जरा खाली सिलिकॉनचं एक कडं बसवतात. कड्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. फुग्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरलं की कडं घट्ट होतं, काढून घेतलं की सैल होतं. जठर कापत नाहीत, आतडं वळवत नाहीत. बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ मध्ये हा बँड पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला. अमेरिकेच्या एफडीएने २००१ मध्ये लॅप-बँडला परवानगी दिली.

आधी समज असा होता की बँड म्हणजे अन्नाचा रस्ता अरुंद करणारा अडथळा. पुढे मेलबर्नमधल्या अभ्यासांतून दिसलं, की नीट चावलेला छोटा घास बँडमधून थोड्याच वेळात खाली जातो. जाताना तिथल्या नसांवर दाब पडतो आणि त्यातून पोट भरल्याची जाणीव येते.

हा फरक रोजच्या जगण्यात फार महत्त्वाचा ठरतो. बँड असलेल्या माणसाला घास लहान घ्यावा लागतो, खूप चावावा लागतो, जेवताना पाणी टाळावं लागतं. पाव, चिकट भात, रेषेदार मटण अडकू शकतं. अडकलं की छातीत दाटून येतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी होते. अशा वेळी बँड आणखी घट्ट केला तर वजन आणखी उतरेल, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलटंच. पोळी-भाजी उतरत नाही म्हणून माणूस जे सहज उतरतं त्याकडे वळतो : आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट. बँड घट्ट, आणि वजन वर. त्यामुळे योग्य घट्टपणा साधण्यासाठी, विशेषतः पहिल्या वर्षात, पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागतं, आणि तपासणी तर आयुष्यभर चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रिया तासाभराची असली तरी उपचार वर्षानुवर्षं चालणारा आहे, हे पेपर वाचताना डोक्यात असू द्या.

आता आकड्यांकडे. प्रत्येक आकड्याला पाच प्रश्न विचारायचे.

१. टक्के कशाचे?

या क्षेत्रातले बरेच पेपर 'जादा वजनातली घट' टक्क्यांत देतात. बीएमआय २५ ला जे वजन येतं त्याच्या वरचं सगळं जादा. समजा उंची १६० सेंटिमीटर, वजन ११४ किलो. बीएमआय २५ ला वजन येतं ६४, म्हणजे जादा ५० किलो. त्यातले २५ किलो गेले, तर पेपर म्हणेल 'पन्नास टक्के घट'. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस अर्धा झाला! एकूण वजनाच्या हिशेबाने ही घट २२ टक्के आहे, आणि बीएमआय अजूनही ३५ च्या आसपास आहे.

आता तेवढ्याच उंचीचा, पण ८४ किलोचा माणूस घ्या. जादा वजन २० किलो. दहा किलो उतरले की यालाही 'पन्नास टक्के'. एकूण वजनातली घट मात्र फक्त १२ टक्के. दोघांचा आकडा एकच, पण शरीरात घडलेली गोष्ट वेगळी. तक्ता पाहिला की आधी छेदात काय आहे ते शोधायचं.

२. किती वर्षांनी मोजलं?

२००६ मध्ये पॉल ओब्रायन यांच्या मेलबर्नच्या गटाने ८० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीएमआय ३० ते ३५, आणि कुणाला बँड, कुणाला औषध-आहाराचा कार्यक्रम, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. दोन वर्षांनी बँडवाल्यांचं वजन २१.६ टक्के कमी झालं होतं, दुसऱ्या गटाचं ५.५ टक्के. २००८ मध्ये याच मंडळींनी नुकताच टाइप २ मधुमेह झालेल्या ६० जणांवर अभ्यास केला. दोन वर्षांनी मधुमेह ओसरला बँडगटात ७३ टक्के लोकांचा, नेहमीच्या उपचारांत १३ टक्के लोकांचा.

दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत आणि त्यांचे निकाल मी खोटे म्हणत नाही. पण प्रश्न 'दोन वर्षांनी काय?' हा होता. पस्तिशीतली बाई बँड बसवून घेते तेव्हा तिच्यापुढे तीस-चाळीस वर्षं असतात. सिलिकॉनचं कडं हलत्या अवयवाभोवती तेवढी वर्षं काय करेल, हे दोन वर्षांचा अभ्यास सांगू शकत नाही. त्याने ते सांगितल्यासारखं आपण वाचतो, ही चूक वाचणाऱ्याची.

३. उरलेले गेले कुठे?

आता ब्रसेल्स. हिम्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात बँड बसवलेल्या १५१ जणांचा बारा-तेरा वर्षांनी शोध घेतला आणि २०११ मध्ये निकाल छापला. सापडले ८२. त्यांतल्या जवळजवळ ६० टक्के लोकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. २८ टक्के लोकांत बँड झिजत झिजत जठराच्या भिंतीतून आत शिरला होता. बँड अजून जागेवर होता असे जेमतेम निम्मे.

हे वाचून बँड वाईटच असं लिहून टाकाल. थांबा, आधी न सापडलेल्या ६९ जणांचा हिशेब करा. ८२ चे ६० टक्के म्हणजे साधारण ४९ माणसं. न सापडलेले सगळे मजेत आहेत असं धरलं, तर पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण १५१ पैकी ४९, म्हणजे ३२ टक्के. सगळ्यांनाच त्रास झाला असं धरलं, तर १५१ पैकी ११८, म्हणजे ७८ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. पण पाहा, सगळ्यात चांगलं टोक धरलं तरी तिघांतल्या एकाला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागलं. हा निष्कर्ष गळतीने हलत नाही. तुमच्या स्वतःच्या सर्व्हेत लोक गळतील तेव्हा ही दोन टोकं काढून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक : याच अभ्यासातले सुमारे ६० टक्के लोक समाधानी होते. शस्त्रक्रियाही ६० टक्के, समाधानही ६० टक्के. काय मोजायचं ठरवता, त्यावर मथळा बदलतो.

२०१३ मध्ये ओब्रायन यांच्या गटाने स्वतःच्या ३२२७ रुग्णांचे दीर्घकालीन निकाल दिले. पंधराव्या वर्षी जादा वजनातली घट ४७ टक्के, बँड काढावा लागला तो फक्त ५.६ टक्के लोकांत. ब्रसेल्सपेक्षा किती वेगळं! पण पंधराव्या वर्षाचा आकडा ५४ माणसांवर उभा आहे, कारण बहुतेकांना तेवढी वर्षं झालीच नव्हती. जठराचा वरचा भाग फुगल्यामुळे कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या सुरुवातीच्या दशकात ४० टक्के होत्या, शेवटच्या पाच वर्षांत ६.४ टक्क्यांवर आल्या. बँड बसवायची पद्धत सुधारली हे खरंच. पण शेवटच्या पाच वर्षांतल्या रुग्णांना बिघाड व्हायला वेळही कमी मिळाला होता. दोन्ही कारणं एकाच आकड्यात मिसळलेली आहेत. शिवाय हे अशा केंद्राचे निकाल आहेत, जिथे रुग्णांना वर्षानुवर्षं धरून ठेवायची यंत्रणा होती. आपल्या गावाजवळ तशी नसेल, तर तो आकडा आपला नव्हे.

४. माणसं मोजली की घटना?

अमेरिकेत मेडिकेअरच्या बिलांवरून २५,०४२ बँडवाल्यांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये आला. सरासरी साडेचार वर्षांत १८.५ टक्के लोकांवर, म्हणजे ४,६३६ जणांवर, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. ऐकायला फार वाटत नाही. पण त्या शस्त्रक्रियांची एकूण संख्या १७,५३९. म्हणजे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या वाट्याला सरासरी चारच्या आसपास आल्या. पोर्ट दुरुस्त करा, बँड सरकवा, काढा, दुसरं काही करा. 'पाचातला एक' या आकड्यात ही रांग दिसत नाही.

अर्थात बिलांच्या नोंदीत कोण किती समाधानी आहे, रात्री छातीत जळजळ होते का, हे नसतं. मेडिकेअरचे लाभार्थीही बहुतांश वयस्कर किंवा अपंगत्व असलेले. प्रत्येक स्रोताला एक डोळा असतो आणि एक झापड.

५. कशाच्या तुलनेत?

सुरुवातीच्या अभ्यासांत बँडसमोर आहार-औषधं होती. त्यात बँड जिंकला. पण तोवर दवाखान्यांत स्लीव्ह आली, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं करायचं. बायपास तर आधीपासून होतीच. ब्रिटनमध्ये बँड विरुद्ध बायपास असा एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. तो चालू असतानाच स्लीव्हचा प्रसार इतका झाला, की संशोधकांनी तिचा तिसरा गट मधेच जोडला आणि अभ्यासाचं नाव झालं 'बाय-बँड-स्लीव्ह'. २०२५ मध्ये निकाल आले. तीन वर्षांनी जादा वजनातली निम्मी किंवा अधिक घट साधली बायपासच्या ६८ टक्के लोकांनी, स्लीव्हच्या ४१ टक्के आणि बँडच्या २५ टक्के.

पण डॉक्टर आणि रुग्ण यांनी या निकालाची वाट पाहिली नव्हती. अमेरिकेत २०११ मध्ये वजनाच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३५ टक्के बँडच्या होत्या, २०१९ मध्ये त्या एक टक्क्याच्या आत आल्या.

मग ठरवायचं कसं?

आता मूळ प्रश्नाकडे. नव्याने विचार करणाऱ्यासाठी पुराव्याचा कल स्पष्ट आहे : तुलनेने कमी घट, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची मोठी शक्यता. बँडच्या बाजूने उरतं ते असं, की सुरुवातीची शस्त्रक्रिया इतर दोघींपेक्षा सौम्य आहे आणि बँड काढता येतो. पण 'काढता येतो' याचा अर्थ सगळं पूर्ववत होतं असा नाही. आत व्रणाची ऊती राहते, पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते आणि वजन बहुधा परत येतं.

ज्यांच्या पोटात बँड आधीपासून आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सरासरी वाईट आहे म्हणून कसलाही त्रास नसलेल्या माणसाने तो काढून टाकावा, असं यातलं कुठलंही संशोधन सांगत नाही. तपासणी सोडू नये, एवढं नक्की. रात्रीचा खोकला, जळजळ, वारंवार उलट्या म्हणजे बँड घट्ट झाल्याची किंवा सरकल्याची खूण असू शकते. पोटात तीव्र दुखणं आणि पाणीही न उतरणं ही तर तातडीने दवाखाना गाठायची वेळ.

आणि हे सगळे आकडे बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटनचे. आपल्यात कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात शस्त्रक्रियेच्या विचारासाठी सर्वसाधारण मर्यादा ३५ असली, तरी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असं म्हटलंय. म्हणजे 'जादा वजन' मोजायचा २५ हा पायाही आपल्यासाठी तपासून घ्यावा लागेल.

तुमच्यासाठी गृहपाठ

सध्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांची चर्चा आहे. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटलं. औषध थांबवल्यावर एका वर्षात त्यातलं साधारण दोन-तृतीयांश परत आलं. हे दोन्ही पेपर शोधा आणि वरचे पाच प्रश्न एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे उत्तरं भरा : टक्के कशाचे, किती काळाने, गळती किती, काय मोजलं, कशाशी तुलना.

मग तुमच्या स्वतःच्या विषयातले, एकमेकांशी न पटणारे कुठलेही दोन पेपर घ्या आणि तोच तक्ता भरा. पाचपैकी कुठल्या रकान्यात ते वेगळे पडतात ते दिसेल. 'काही संशोधकांच्या मते' या वाक्याच्या जागी तो रकाना लिहा. तुमच्या रिव्ह्यूचा पहिला कामाचा परिच्छेद तोच असेल.