पाणी अडलं की कांदळवन मरतं

आज आपण एका नदीच्या शेवटाविषयी बोलणार आहोत. नदी डोंगरात उगम पावते हे आपण शाळेत शिकतो. पण ती समुद्राला मिळते तिथे काय घडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आपली आजची नदी आहे उल्हास, आणि तिचा शेवट म्हणजे मीरा-भाईंदर आणि वसई यांच्या मधली खाडी.

उल्हास निघते लोणावळ्याजवळ राजमाचीच्या डोंगरातून. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती सुमारे १२२ किलोमीटर वाहते. वाटेत बारवी मिळते, भातसाचं पाणी घेऊन काळू मिळते. ठाण्याजवळ पाण्याला दोन वाटा फुटतात. एक ठाण्याच्या खाडीकडे वळते. मुख्य वाट घोडबंदर, भाईंदर करत वसईच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. एका काठाला भाईंदर, उत्तन, दुसऱ्या काठाला नायगाव, वसई आणि मधोमध पाणजू हे बेट. लोकल गाडी भाईंदरहून नायगावला जाताना पुलावरून जे पाणी दिसतं, ते हेच.

मीरा-भाईंदरकरांना ही नदी दोनदा भेटते. एकदा नळातून, कारण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा उल्हास आणि बारवीतून येतो. दुसऱ्यांदा खाडीतून, वरच्या गावांचं आणि शहरांचं सांडपाणी पोटात घेऊन. वर नदीत जे टाकलं जातं, ते खाली कुणाच्या तरी जाळ्यात येतं.

आता खाडी म्हणजे काय ते बघू. वरून नदीचं गोडं पाणी येतं, खालून समुद्राचं खारं. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. या पाण्याच्या ये-जा करण्यावर खाडीचा सगळा संसार चालतो. भरती चिखलावर गाळ आणि अन्न आणून टाकते, ओहोटी घाण धुऊन नेते.

अशा चिखलात साधं झाड जगत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि मीठ सोसत नाही. कांदळवनाच्या झाडांनी मात्र आपापली युक्ती काढली आहे. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर डोकावतात आणि हवा घेतात. जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पानावर बोट फिरवून जिभेला लावलंत तर खारट लागेल. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. ते लांब शेंगेसारखं लोंबतं आणि तयार रोप होऊनच चिखलात पडतं. तिसरं झाड चिप्पी. यातली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली.

या झाडांच्या गळलेल्या पानांवर पुढची साखळी उभी राहते. पानं कुजतात, त्यावर बारीक जीव वाढतात, ते कोलंबीची पिल्लं खातात. कोलंबी अंडी घालते समुद्रात, पण पिल्लं वाढतात खाडीत. मुळांच्या जाळीत मोठ्या माशांना शिरता येत नाही, म्हणून पिल्लं तिथे सुरक्षित असतात. चिंबोऱ्या, बोय, निवट्या, जिताडा, कालवं, शिंपल्या, सगळ्यांचं बाळंतघर किंवा पाळणाघर हेच. ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या आणि कालवं गोळा करणं हे किनाऱ्यावर मुख्यतः बायांचंच काम. त्याला ना होडी लागते, ना भांडवल. म्हणून खाडी बिघडली की पहिली झळ त्यांच्याच टोपलीला लागते.

हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंड देशांतून पाणपक्षी इथल्या चिखलावर उतरतात. शेकाटे, तुतारी, बगळे दिसतात. खंड्या तर बाराही महिने. पलीकडच्या ठाणे खाडीत हजारो रोहित पक्षी येतात. ती जागा २०१५ साली अभयारण्य झाली आणि २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसरच्या, यादीत गेली. मुंबईच्या आसपासच्या कांदळवनात कोल्हेही राहतात, हे कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.

बरं, मासळी नको आणि पक्षीही नकोत असं कुणी म्हणालं, तरी पूर तर नको ना? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात मिठी नदीचं पात्र अरुंद झालेलं, काठची कांदळवनं भरावाखाली गेलेली. पावसाच्या पाण्याला थांबायला जागा नव्हती आणि जायला वाट नव्हती. भाईंदरची मिठागरं आणि खाजणं पावसाळ्यात हेच काम करतात, पाणी आपल्या पोटात धरून ठेवतात. त्यावर भराव पडला की ते पाणी कुणाच्या तरी घरात शिरणार.

आता मुख्य गोष्ट. कांदळवन मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरतीचं पाणी येतं ती वाट अडवली की पुरे. आधी रात्रीतून डेब्रिजचे डंपर रिकामे होतात. एक बांध तयार होतो. आतल्या झाडांना भरतीचं पाणी मिळत नाही, किंवा पावसाचं साचलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि वर आलेली मुळं गुदमरतात. काही महिन्यांत झाडं वाळतात. मग कुणी म्हणतं, "इथे झाडं होतीच कुठे? ही तर पडीक जमीन." म्हणून झाड तोडलेलं दिसेपर्यंत थांबायचं नाही. पाण्याची वाट अडलेली दिसली की तेव्हाच बोलायचं.

कायदा आपल्या बाजूला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यात कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकाम करायला, राडारोडा टाकायला मनाई केली. २०१८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कावर घाला. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्याच्या वाटेत कांदळवन येतं, तो विषयही असाच न्यायालयात गेला.

अशा वेळी सांगितलं जातं, की इथली तोडू आणि दुसरीकडे लावू. लागवड वाईट नाही. पण डोंगरावर लावलेली झाडं कोलंबी वाढवत नाहीत. आणि भरती पोचत नाही तिथे कांदळाचं रोप लावलं तर ते जगत नाही. उघड्या चिखलावर सगळीकडे रोपं लावणंही बरोबर नाही, कारण तो चिखल पक्ष्यांचं ताट आहे. पुष्कळदा अडलेला नाला मोकळा केला की भरती स्वतःच बिया आणून पेरते.

संरक्षणातून चार पैसेही मिळू शकतात. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ साली सुरू झाला. २०१७ पासून कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजनेत खेकडेपालन, कालवंपालन, पिंजऱ्यातला जिताडा अशा कामांना गटांना मदत मिळते. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांचा धंदा झाडं उभी आहेत तोवरच चालणार, म्हणून राखणही त्याच करतात.

मग गटाने काय करायचं? आपल्या भागातले पाण्याचे नाले, उघड्या आणि खाजणाच्या वाटा ज्येष्ठ बायांना विचारून एका वहीत उतरवा. उधाणाच्या दिवशी फेरी मारा, पाणी कुठवर येतं ते नोंदवा. भराव दिसला तर तारखेसह फोटो काढा. तहसीलदार, पोलीस आणि कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वनविभागाचा १९२६ हा नंबरही आहे. डंपर अडवायला एकटीने जाऊ नका. तक्रार गटाच्या नावाने करा.

आमच्या काही मैत्रिणी खाडीपासून लांब, नदीच्या वरच्या अंगाला राहतात. त्यांनाही हे लागू आहे. तुमच्या ओढ्यात प्लास्टिक गेलं नाही, काठावर भराव पडला नाही, तर खालच्या बहिणीची टोपली भरलेली राहील. पुढच्या बैठकीत एवढं एक विचारा: आपल्या गावचं पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि वाटेत कुणी अडवलंय का? उत्तर मिळालं तर आम्हाला जरूर कळवा.