काळ्या मानेच्या शोधात

ससा म्हटलं की पेटशॉपमधला पांढराशुभ्र आठवतो ना? तो विसरा. रविवारी पहाटे सोलापूरहून बाइक काढली आणि वीसेक किलोमीटरवरचं नान्नज गाठलं. माळढोकसाठी १९७९मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य. मी मात्र रानसशासाठी आले होते.

"बिळं शोधू नका, मॅडम," सोबतचे काका हसले. हा गडी बीळ खणतच नाही, गवतातल्या खळग्यात अंग चोरून बसतो. तासाभरानं पायाशीच ढेकूळ हललं. मानेमागे काळा डाग, ओळख पटली! कॅमेरा उचलेपर्यंत साहेब पसार.

"रात्री शेताच्या कडेला बॅटरी मारली तर थिजतो ना?"

काका क्षणभर गप्प. "शिकारी लोक तेच करतात."

बॅटरी सॅकमध्येच राहिली. फोटोत दोन कान आलेत, तेही ब्लर.