पाव मैलाची मोटार

जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या जाहिराती वाचण्याचा आम्हांस एक छंदच आहे. विकत घेण्याची ऐपत नाहीं आणि घेऊन ठेवण्यास जागाहि नाहीं. परंतु मनुष्य एखादी वस्तु विकावयास काढतो तेव्हां तिच्याविषयीं तो काय सांगतो व काय सांगत नाहीं, हें पाहण्यांत मोठी मौज असते. अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या बाजारांत मधूनमधून एक विलक्षण गाडी विक्रीस येते. तिच्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं याचीच यादी मोठी. थंडींत ऊब देणारें यंत्र नाहीं, रेडिओ नाहीं, ऊन अडविणारी झडप नाहीं, हात टेकावयास जागा नाहीं, पायाखालीं गालिचा नाहीं. आणि पुढच्या कांचेवर पाऊस पुसणारे दोन वायपर असावयाचे, तेथें चालकाच्या बाजूचा एकच आहे. असें असूनहि शौकीन लोक तिच्यासाठीं नव्या आलिशान मोटारीहून अधिक किंमत मोजावयास तयार होतात. हें कोडें काय आहे, तें आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

ही गाडी म्हणजे फोर्ड कंपनीची ‘थंडरबोल्ट’. नांवाचा अर्थ वज्राघात. १९६४ सालच्या हंगामासाठीं ती निर्माण झाली, ती एकाच कामासाठीं. उभ्या जागेवरून सुटावयाचें, सरळ रस्त्यानें पाव मैल, म्हणजे १३२० फूट, जावयाचें, आणि हें सर्व शक्य तितक्या थोड्या वेळांत उरकावयाचें. वळण नाहीं, चढ नाहीं, दुसरी फेरी नाहीं. या खेळाला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहतात, खूण होतांच सुटतात, आणि या वर्गांतील गाड्या असल्या तर बारा सेकंदांच्या आंतबाहेर निकाल लागलेला असतो. जी हरली ती घरीं जाते. जी जिंकली ती पुढच्या प्रतिस्पर्ध्याशीं गांठ घालते.

या खेळाचा उगम आडदांडपणांत आहे, हें कबूल केलें पाहिजे. कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या गाड्यांचीं यंत्रें सुधारून त्या वाळवंटांतील कोरड्या सरोवरांच्या तळांवर पळवीत आणि रात्रीं गांवच्या रस्त्यांवरहि पैजा लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद वाढला, आणि त्याबरोबर लोकांचा रोषहि वाढला. तेव्हां कांहीं शहाण्या मंडळींनीं निराळा मार्ग काढला. १९४९ सालीं गोलीटा येथें विमानतळाजवळच्या रस्त्यावर नियम ठरवून शर्यत झाली. १९५० सालीं सँटा ॲना येथील धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन करून नियम, वर्गवारी व सुरक्षितता यांची घडी बसविली. तरुणांस नुसतें ‘करूं नका’ असें बजावण्याऐवजीं ‘येथें करा आणि असें करा’ असें सांगण्यांत किती लाभ असतो, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे. धावपट्टीशीं या खेळाचें नातें अजूनहि तुटलेलें नाहीं; आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरहि अशा शर्यती भरविण्यांत आल्या आहेत.

शर्यती पाहावयास तरुणांची गर्दी लोटूं लागली, तसें कारखानदारांचें लक्ष तिकडे वळलें. रविवारीं जी गाडी जिंकते ती सोमवारीं दुकानांत खपते, असा त्या धंद्यांतील समजच होता. ‘सुपर स्टॉक’ या वर्गांत उतरणारी गाडी कारखान्यानें बांधून ग्राहकांस विकलेली असावी, असा दंडक होता. फोर्डच्या मोठ्या गाड्या दांडग्या खऱ्या, पण जड. म्हणून कंपनीनें युक्ति योजिली. ‘फेअरलेन’ नांवाची तिची एक मध्यम आकाराची, चार माणसांच्या कुटुंबानें फिरावयास जावें अशी साधी गाडी होती. तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें ४२७ घनइंची, म्हणजे सुमारें सात लिटरचें, यंत्र बसवावयाचें ठरलें. हें काम मिशिगनमधील ‘डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग’ या कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. लहान यंत्रासाठीं केलेल्या जागेंत हें धूड मावेना, म्हणून पुढच्या स्प्रिंगांच्या आधाराची रचनाच बदलावी लागली. कागदोपत्रीं यंत्राची शक्ति ४२५ अश्वशक्ति सांगितली जाई. प्रत्यक्षांत ती बरीच अधिक असावी, असें जाणते लोक मानतात.

यानंतर सुरू झाली वजाबाकी. जें जें पाव मैल तोडण्यास उपयोगी नाहीं तें तें काढावयाचें, असा नियमच ठरला. वर सांगितलेल्या वस्तूंखेरीज चाक बदलण्याचा जॅक व पाना, आवाज दाबणारें अस्तर, बाहेरचा आरसा, हींहि गेलीं. बॉनेट, दरवाजे व पुढचीं मडगार्डें पत्र्याऐवजीं फायबरग्लासचीं झालीं. बाजूच्या खिडक्यांस कांचेऐवजीं पारदर्शक प्लॅस्टिक आलें. पुढच्या चार दिव्यांपैकीं आंतले दोन काढून तेथें जाळी बसविली, आणि त्या वाटेनें रुंद नळ्यांतून बाहेरची थंड हवा थेट कार्बुरेटरपर्यंत नेली. बॅटरी मात्र मुद्दाम जड घेतली. ती मालमोटारीला शोभेल एवढी असे आणि मागें डिकींत ठेविली जाई. कारण गाडी सुटतांना मागच्या चाकांवर पुरेसा भार असेल तरच तीं जमीन धरतात. नाहीं तर जागच्या जागीं गरगर फिरून नुसता धूर काढतात.

आम्हांस सर्वांत आवडली ती या गाडींत लावलेली एक लहानशी धातूची पट्टी. तिच्यावरील मजकुराचा आशय असा: ही गाडी शर्यतीसाठीं मुद्दाम हलकी बांधलेली आहे, बाहेरील भागांची जुळणी व दर्शनी सफाई आमच्या नेहमींच्या दर्जाची नाहीं, घेणाऱ्यानें हें जाणून असावें. विकणाऱ्यानें आपल्या मालाचें उणें आपल्याच हातानें कोरून त्याच मालावर ठोकावें, असा प्रकार बाजारांत विरळाच. किंमत सुमारें ३९०० डॉलर होती. त्या किमतींत कंपनीस प्रत्येक गाडीमागें तोटाच येई, असें सांगतात. सुमारें १०० गाड्या बांधून कंपनीनें हात आवरला. पहिल्या कांहीं तांबूस रंगाच्या होत्या, पुढच्या पांढऱ्या.

कामांत मात्र गाडी खरी उतरली. गॅस रोंडा या चालकानें १९६४ सालीं थंडरबोल्ट घेऊनच आपल्या वर्गाचें अजिंक्यपद मिळविलें. पाव मैलाला सुमारें ११.६ सेकंद, आणि शेवटच्या रेषेवर ताशीं १२४ मैलांचा वेग, अशी तिची मजल होती. परंतु हें वैभव एका हंगामाचें ठरलें. १९६५ सालीं चाकांच्या जागाच पुढें सरकविलेल्या, तिच्याहून हलक्या व चमत्कारिक दिसणाऱ्या गाड्या मैदानांत आल्या, आणि कालची विजयी गाडी आज मागें पडली.

मागें पडलेल्या शर्यतीच्या गाडीचें पुढें काय होतें? मुलाबाळांना घेऊन बाजारांत जाण्याच्या ती कामाची नाहीं. थंडीपावसांत तर मुळींच नाहीं. तेव्हां ती मिळेल त्या किमतीस विकली जाते. नवा मालक यंत्र काढून दुसऱ्या गाडींत घालतो. कोणी रुंद चाकें बसावीं म्हणून मागच्या कमानी कापतो, कोणी जुनें नांव खरवडून आपलें रंगवितो. एखादी अपघातांत जाते. जी सर्वांत अधिक पळविली गेली, तिच्यांतील मूळचे भाग सर्वांत आधीं झिजतात, तुटतात व बदलले जातात. उलट मालकाचा उत्साह मावळला, पैसे संपले, किंवा घरांत मूल जन्मलें, म्हणून जी कोठाराच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखालीं पडून राहिली, ती पुष्कळदां जशीच्या तशी सांपडते. जें वांचलें तें पराक्रमामुळें वांचलें असें नव्हे. बहुधा तें विस्मरणामुळें वांचलें.

आतां विक्रीचा प्रश्न. घेणाऱ्याच्या मनांत पहिली शंका येते ती ही कीं, गाडी खरी आहे ना? येथेंच या गाडीची खरी अडचण आहे. सोन्याच्या दागिन्यांत भेसळ केली तर कसोटीवर ती उमटते. परंतु जिचें सारें वैशिष्ट्य काढून टाकलेल्या वस्तूंत आहे, तिची नक्कल ओळखावी कशी? साध्या फेअरलेन गाड्या पुष्कळ निघाल्या होत्या. त्यांतील एक घ्यावी, रेडिओ काढावा, एक वायपर काढावा, दोन दिवे काढावे. फायबरग्लासचें नवें बॉनेट तर आजहि मिळतें. म्हणून जाणता गिऱ्हाईक गाडीभोंवतीं एक फेरी मारतो आणि मग कागद मागतो. अंगावरचा क्रमांक, दुकानदाराची मूळ पावती, दारावर रंगविलेलें नांव दिसेल असें त्या काळचें छायाचित्र, आणि शर्यतीच्या शेवटीं हातीं पडणारी, वेळ व वेग लिहिलेली ती चिमुकली चिठ्ठी. अशी चिठ्ठी कोणी जपून ठेवीत नाहीं. ज्यानें ठेवली त्याच्या गाडीला मोल येतें.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. अशी गाडी हातीं आल्यावर ती कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी लख्ख करावी, कीं ओरखडे, डाग व पुसट झालेलीं अक्षरें यांसह तशीच ठेवावी? दोन्ही बाजूंस मातब्बर लोक आहेत. एक म्हणतो, मोडकीतोडकी वस्तु दुरुस्त करणें हाच तिचा आदर. दुसरा म्हणतो, नवी करणें केव्हांहि शक्य आहे, जुनी करणें कधींच शक्य नाहीं. आमचें मत विचाराल तर तें दुसऱ्याकडे झुकतें. आपल्या घरीं आजीच्या वेळचा तांब्याचा हंडा असतो. तो चिंचेनें घांसून चकचकीत केला तर कोणाची तक्रार नाहीं. परंतु घांसतां घांसतां त्याच्या कांठावर घातलेलें नांव, गांव आणि शक पुसून गेलें, तर हाती काय उरतें? तांबें उरतें, आजी गेली. ज्या गाडीवर पहिल्या चालकाचें नांव अजून वाचतां येतें, तिच्यावर नवा रंग चढविणें हें आम्हांस तसेंच वाटतें.

हें सर्व आजच लिहावेंसें वाटलें याला कारण आहे. १९६४ सालीं जो तरुण पंचविशींत होता तो आज ऐंशी ओलांडून गेला आहे. ज्यांनीं या गाड्या पळविल्या, ज्यांनीं रात्र रात्र जागून यंत्रें उघडलीं, ती पिढी झपाट्यानें ओसरत आहे. आणि तिच्यामागें मुलें व नातवंडें या गाड्या विकावयास काढीत आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याला जागा नाहीं व हौस नाहीं त्यानें विकावेंच. कांहीं गाड्या संग्रहालयांत जातात. फ्लॉरिडांतील ओकाला येथें डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाचें १९८४ पासूनचें, आणि कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें वॉली पार्क्स यांच्या नांवाचें, अशीं दोन प्रसिद्ध आहेत. परंतु गाडी कोठेंहि गेली तरी तिच्याबरोबर गोष्ट जाईलच असें नाहीं. मागची कमान कोणी व कां कापली, जमिनींत हें एक भोंक कशासाठीं पाडलें, दारावरचीं अक्षरें कोणत्या रंगाऱ्यानें काढलीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावयास आज वेळ आहे, उद्यां नसेल.

आमच्या वाचकांपैकीं कोणी थंडरबोल्ट विकत घेईल असा आमचा भ्रम नाहीं. परंतु जुन्या वस्तु विकावयास काढण्याचा प्रसंग प्रत्येक घरावर येतो. माळ्यावरचा ग्रामोफोन, आजोबांची सायकल, बंद पडलेलें घड्याळ, हीं जुन्या बाजाराची वाट धरण्यापूर्वीं एक वही घ्यावी, घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें, आणि तें सांगेल तें तारखेसह लिहून ठेवावें. त्या गाडीच्या कांचेवर वायपरची एक जागा रिकामी आहे. ती कां रिकामी आहे हें कागदावर लिहिलेलें असेल तोंवर तिला किंमत आहे. नाहीं तर पाहणारा एवढेंच म्हणेल कीं, येथला एक वायपर हरवलेला दिसतो.